बाटलीतलं पाणी खरंच जास्त सुरक्षित असतं का?

निवळी:
आमच्याकडे आठ महिन्यांचं बाळ आहे आणि त्याला कुठलं पाणी द्यायचं यावरून घरात रोज वाद होतोय. नवऱ्याचा हट्ट, सीलबंद बाटलीच हवी. मला पटत नाही. काल गाडीच्या मागच्या काचेपाशी राहिलेली बाटली उचलली, तर हाताला चांगलीच गरम लागली आणि पाण्याला प्लास्टिकचा वास येत होता. सील दिसलं की आपण पुढे काही विचारतच नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

घागर:
ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलं निघत असेलही, पण तुमच्या पेल्यात पडेपर्यंत ते कसल्या कसल्या पाइपांतून येतं! अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने २०१४ मध्ये नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. जुन्या जोडण्यांमधलं शिसं घराघरात गेलं. लोक तक्रारी करत राहिले आणि कित्येक महिने त्यांना पाणी ठीक असल्याचं सांगितलं गेलं. कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये २००० साली पाण्यातल्या ई. कोलाय जिवाणूंमुळे ७ माणसं गेली. फ्लिंटमध्ये शेवटी लोकांना प्यायला काय दिलं? बाटल्याच.

पाणतपासनीस:
मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात डीपीडीची (क्लोरीन तपासायच्या रसायनाची) गोळी चुरून टाकायची. पाणी गुलाबी झालं की क्लोरीन शिल्लक आहे. नळाशी तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाटेत घाण शिरलीच तर बऱ्याच जंतूंचा बंदोबस्त हा उरलेला क्लोरीन करतो. बाटलीत तो सहसा नसतो. तिथे बऱ्याचदा ओझोन हा जंतू मारणारा वायू वापरतात आणि तो थोड्या वेळात विरून जातो. म्हणून बाटली उघडून तोंड लावलं की ते पाणी चार दिवस ठेवून पिऊ नका.

कारखान्यातही चुका होतातच. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कोका-कोलाच्या दसानी पाण्याच्या सुमारे ५ लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. मुळात ते शुद्ध केलेलं नळाचंच पाणी. वरून घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होतं, ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट हे घातक रसायन झालं आणि त्याची मर्यादा ओलांडली गेली. चांगलं पाणी कारखान्यात जाऊन बिघडलं!

घागर:
पण परत घेतल्या ना? माझा मुद्दा तोच आहे. १९९० मध्ये पेरिये या फ्रेंच कंपनीच्या बाटलीबंद पाण्यात बेन्झीन हे घातक रसायन सापडलं तेव्हा जगभरातून १६ कोटी बाटल्या मागे घेतल्या. बाटलीवर बॅच क्रमांक असतो, तारीख असते. नळाचं प्यायलेलं पाणी कोण परत घेणार?

पाणतपासनीस:
मान्य. पण ते बेन्झीन सापडलं कसं, तेही सांगा. अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत पेरियेचं पाणी शुद्ध समजून तुलनेसाठी वापरत होते, तिथे ते योगायोगाने लक्षात आलं. कुणी तपासलं, तरच बॅच क्रमांक कामाला येतो.

मडकं:
तुम्ही दोघंही फिल्टरला विसरलात. परवा मी आमच्या फिल्टरचं पहिलं कार्ट्रिज काढलं. बसवताना पांढरंशुभ्र होतं, आता तपकिरी, आणि बोट लावलं तर बुळबुळीत. पाणी येतंय ना, म्हणून वर्षभर मी बघितलंच नव्हतं. फिल्टरमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे त्यापुढे जंतूंना मोकळं रान. यूव्ही जंतू मारतो, पण पाणी गढूळ असेल तर त्याचा जोर कमी पडतो आणि शिसं, नायट्रेट त्याने जात नाही. त्यासाठी आरओ लागतो. टीडीएसच्या मीटरवर विसंबूनही उपयोग नाही. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला कळत नाहीत. तरी माझं मत फिल्टरलाच, कारण तो उघडून बघणं माझ्या हातात आहे.

झुळूक:
आणि प्लास्टिकच्या कणांचं काय? जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधनात बाटलीच्या एक लिटर पाण्यात सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले, त्यातले बहुतेक नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचे. लहान बाळाला मी तरी हे देणार नाही.

घागर:
कण सापडणं वेगळं आणि त्याने अपाय होणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या बाबतीत पुरावा अपुरा असल्याचंच म्हटलं होतं. जंतूंनी मात्र बाळ एका रात्रीत आजारी पडतं.

झुळूक:
पुरावा अपुरा आहे म्हणूनच मला जपून राहायचंय.

निवळी:
एक सांगायचं राहिलं. आमच्या नळाला कधी कधी बोअरचं पाणीही मिसळून येतं. सासूबाई म्हणतात, उकळलं की झालं.

पाणतपासनीस:
जंतूंसाठी सासूबाईंचं बरोबर आहे, खळखळून एक मिनिट उकळी पुरते. पण बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं आणि ते उकळून जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी होऊ शकते. तुमचं बाळ अगदी तान्हं नाही, तरी आधी नायट्रेट तपासून घ्या.

शिशासाठी नमुना सकाळी नळ पहिल्यांदा सोडताना घ्या, रात्रभर पाइपात राहिलेलं पाणीच हवं. जंतूंसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा. आत थोडी पूड दिसेल, ती क्लोरीन मारण्यासाठी असते, बाटली विसळून ती घालवू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा.

घागर:
आणि निकाल येईपर्यंत?

पाणतपासनीस:
तोवर बाटलीच द्या, माझी अजिबात हरकत नाही. फक्त सीलबंद म्हणजे निर्जंतुक नव्हे, तेव्हा बाळासाठी तेही उकळून घ्या. आणि ती गाडीतली बाटली नको.