मदत हवी आहे : गॅदरिंगमध्ये भारूड, पण आवाज कसा पोचवायचा?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. यंदा स्नेहसंमेलनात रेकॉर्डवरचे नाच कमी करून सहावी-सातवीच्या मुलांकडून संत एकनाथांची भारुडं करून घेतेय. वासुदेव, जोशी, गोंधळी अशी एकेक सोंगं आहेत. मुलं खूश आहेत. (पालकांना मात्र डीजेच हवाय, तो वाद वेगळा!)

खरी अडचण आवाजाची. रंगमंच पटांगणात, उघड्यावर. मंडपवाला दोन स्टँडचे माईक देतो. भारुडात मुख्य सोंगाड्या फिरत, नाचत गातो आणि मागचे साथीदार ध्रुपद (पालुपद) धरतात. वासुदेव गिरकी घेताना माईकपासून लांब गेला की ओळ अर्धी ऐकू येते, अर्धी जाते. वर ढोलकी आणि टाळ शेजारीच, त्यामुळे माईक त्यांचाच आवाज ओढतो. आधी रेकॉर्ड करून नुसते ओठ हलवायला लावणं मला पटत नाही. प्रेक्षकांशी सवाल-जवाब हाच तर भारुडाचा जीव, तो रेकॉर्डिंगमध्ये कसा येणार?

कॉलर माईक भाड्याने घ्यावेत का? घोळदार अंगरख्यात ते घासून खरखरतात का? की गाणारी मुलं माईकपाशी बसवून सोंगाड्याला फक्त गद्य द्यावं? ढोलकी नेमकी कुठे बसवावी?

शिवाय वासुदेवाची मोरपिसांची टोपी. पुठ्ठ्याचा शंकू केलाय, पण गिरकीत डोळ्यांवर येते. आतून काय लावता?

बजेट अगदी तुटपुंजं आहे. ज्यांनी उघड्यावर मुलांचे प्रयोग बसवलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.