मदत हवी आहे: तयार डेस्कटॉप घ्यावा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट घेऊन असेंबल करून?

मंडळी, मुलीला आर्किटेक्चरसाठी डेस्कटॉप घ्यायचाय. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट आणि थोडं रेंडरिंग. गेमिंग नाही. बजेट ८० हजार, फार तर पाच वर. मॉनिटर आणि यूपीएस घरात आहे. लॅपटॉप सुचवू नका, तो आहेच. रेंडर लावला की भट्टी होते.

मुलुंडच्या एका शोरूममध्ये तयार मशीन पाहिलं. आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तीन वर्षं घरी येऊन दुरुस्ती, हा त्याचा मोठा प्लस. पण झाकण उघडायला लावलं (सेल्समन जरा नाराजच झाला) तर आत एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) २०० वॅटच्या आसपासचा, आणि मदरबोर्डला जाणारा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा. नेहमीचा २४ पिनचा नाहीच! म्हणजे उद्या ग्राफिक्स कार्ड टाकायचं तर बाजारातला मोठा एसएमपीएस सरळ बसणार नाही.

लॅमिंग्टन रोडवर कोटेशन काढलं: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, ८ जीबीचं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड. बजेटमध्ये कसंबसं बसतंय, पण रॅमचा भाव ‘फक्त आजचा’. माझा कल इकडेच आहे.

अडलंय ते वॉरंटीपाशी. इथे प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळ्या कंपनीची. रॅम, एसएसडी मी बदलू शकतो, पण मशीन चालूच झालं नाही तर दोष बोर्डात की प्रोसेसरमध्ये, हे मला कळणार नाही. सबमिशनच्या आठवड्यात असं झालं तर दुकानदार स्वतः तपासून पार्ट सर्व्हिस सेंटरला पाठवतो, की आपणच हेलपाटे घालायचे? आणि ही जबाबदारी जीएसटी बिलावर लिहून मिळते का?