हसवता हसवता रडवलं, हे बरं केलं का?

शनिवार, रात्री, घरच्या ग्रुपवर

काकू: 'पंचायत' या वेब मालिकेचा दुसरा सीझन आत्ता संपला. मला राग आलाय. तुमच्यापैकी निम्म्यांनी आधीच बघितलाय आणि एकानेही सांगितलं नाहीत की शेवट असा आहे. सात भाग पोट धरून हसले आणि आठव्यात गावच्या उपप्रधान प्रल्हादचा एकुलता एक मुलगा शहीद होतो. मी मधूनच उठले.

ताई: काकू, सांगितलं असतं तर तू तो भाग लावलाच नसतास.

काकू: नसताच लावला! दिवसभराचं आटोपून रात्री तासभर हसायला बसते मी. रडवणाऱ्या मालिका वेगळ्या असतात, तिथे मनाची तयारी करून बसते. इथे मला बेसावध गाठलं. फुलेरा गावातली ही माणसं मला घरची वाटायला लागली होती. पंचायतीच्या सचिवजींची ती फिरती खुर्ची, तिच्यावरून रुसून बसलेला नवरदेव, त्यावर किती हसलो होतो आपण.

काका: मी शेजारीच होतो. हिने रिमोट माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. मी शेवटपर्यंत बघितलं. मग सांगायला गेलो तर म्हणाली, त्याबद्दल एक शब्द बोलू नका.

धाकटा: मी वसतिगृहात पहाटे ३ वाजता बघितला होता तो भाग. त्या रात्री झोप नाही.

आत्या: वहिनी, मला तोच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. उठून गेलीस म्हणून तुझं एक बघायचं राहिलं, ते सांगते. पहिल्या सीझनच्या शेवटी मंजूदेवी आठवते ना? कागदावर गावची प्रधान, पण कारभार सगळा नवरा बघतो. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन करायचं म्हणून बिचारी राष्ट्रगीत पाठ करत बसते, अडखळते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तीच मंजूदेवी, म्हणजे नीना गुप्ता, या शेवटच्या भागात अंत्यविधीला मिरवायला आलेल्या आमदाराला अडवून उभी राहते. ज्याच्यापुढे आत्तापर्यंत सगळी पंचायत हात जोडून असायची, त्याला ती गावात येऊ देत नाही. आवाज फारसा न चढवता. मला तर उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हा प्रसंग यायला ते मरण यावंच लागलं.

काकू: मंजूदेवीला ताठ उभं करायला प्रल्हादचा मुलगा कशाला हवा होता? दुसरा रस्ता नव्हता का लिहिणाऱ्याला?

आई: काकूंचा हा प्रश्न मला पटतो. 'गुल्लक' मालिकेत बघा. घरात तंगी आहे, भांडणं आहेत, वडील आजारी पडल्यावर सगळं घर थोरल्या अन्नूच्या अंगावर येतं. तिथे माझेही डोळे भरून आले, पण बघून उठताना मन जड नव्हतं. त्यातली आई, गीतांजली कुलकर्णी, भाजी निवडता निवडता नुसती नवऱ्याकडे बघते आणि किती काय सांगून जाते. दर वेळी कुणी मरायलाच हवं असं नाही.

आत्या: 'गुल्लक'बद्दल अगदी कबूल.

मी: काकू, तुझा राग आहे ना, तसाच राग पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या प्रेक्षकांना आला होता आणि त्यांनी वाहिनीला पत्रं लिहिली होती. 'मॅश' नावाची विनोदी मालिका. कोरियाच्या युद्धातल्या फिरत्या लष्करी इस्पितळातले डॉक्टर आणि परिचारिका. युद्ध ३ वर्षं चाललं, मालिका ११ वर्षं, १९७२ ते १९८३. काकांनी मला दाखवली होती, बाकीचं त्यांनीच सांगावं.

काका: सांगतो, पण सावकाश टाइप करेन. १९७५ चा भाग आहे. त्या इस्पितळाचा प्रमुख कर्नल ब्लेक. मनाने चांगला, जरासा गोंधळलेला, सगळ्यांचा लाडका. त्याची सेवा संपते, घरी जायची परवानगी येते. अख्खा भाग निरोपाचा. थट्टामस्करी, मिठ्या, तो हेलिकॉप्टरमध्ये चढतो, सगळे हात हलवतात. आपणही हसत हसत निरोप देतो. मग शस्त्रक्रिया चालू असते आणि रडार नावाचा तरुण कारकून आत येतो. तोंडाला मास्क लावलेला नाही, म्हणून एक जण त्याला ओरडतो. तो ओरडण्याकडे लक्षच देत नाही, हातातला कागद वाचतो. कर्नल ब्लेकचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही.

काका: कुणी किंचाळत नाही. संगीत नाही. डॉक्टर रुग्ण सोडून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे हात चालूच. आणि त्या शांततेत कुणाच्या तरी हातून एक हत्यार फरशीवर पडतं. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. पुढे वाचनात आलं की ते ठरवून पाडलेलं नव्हतं, चित्रीकरणात चुकून पडलं आणि त्यांनी तसंच ठेवलं.

काकू: हे तुम्ही मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत.

काका: तू उठून गेली असतीस.

धाकटा: 'मॅश'बद्दल अजून एक, आणि ते काकूच्या 'बेसावध गाठलं'शी जोडलेलं आहे. तेव्हाच्या विनोदी मालिकांवर ध्वनिमुद्रित हशा घालत. चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात त्याचं यंत्रच बनवलं होतं. बटण दाबलं की हवा तसा हशा, बारीक खुदखुद ते सात मजली. 'मॅश'च्या निर्मात्यांना तो नको होता, वाहिनीला हवाच होता. शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या खोलीत हशा वाजणार नाही. बीबीसीने तर ब्रिटनमध्ये ही मालिका हशाशिवायच दाखवली.

धाकटा: म्हणजे हशा वाजला की प्रेक्षकाला कळायचं, इथे गंमत आहे. तो थांबला की कळायचं, आता सावरून बसा. 'पंचायत'मध्ये असं काही नाही. कुठे हसायचं ते आपलं आपण ठरवतो. म्हणून दुःख आलं तेव्हा दारावर टकटकसुद्धा झाली नाही.

आत्या: किती बरोबर बोललास रे!

बाबा: आत्ता सगळं वाचलं. रोजच्या मालिकांबद्दल माझं एक म्हणणं आहे. तिथे दर भागात कुणीतरी रडत असतं. कॅमेरा तीन वेळा तोंडाजवळ जातो, ढोल वाजतो. कुणी मेलं तरी चार महिन्यांनी दुसऱ्या चेहऱ्याने परत येतं. त्यामुळे आपण कोरडे. आईला विचारा, मालिकेतल्या अंत्ययात्रेच्या वेळी ती फोनवर बोलत असते. कर्नल ब्लेक परत आला नाही, प्रल्हादचा मुलगाही येणार नाही. लेखकाने परतीची वाट बंद केली की मगच ते मरण खरं वाटतं.

आई: फोनवर बोलते हे खरं आहे.

बाबा: आणि 'ब्लॅकॲडर' ही ब्रिटिश विनोदी मालिका. चौथा सीझन पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत, १९८९ सालचा. पाच आठवडे ब्लॅकॲडर मरण टाळायच्या युक्त्या करतो आणि आपण हसतो. सहाव्या आठवड्यात एकही युक्ती चालत नाही. शिट्टी वाजायच्या आधी तो कायम उत्साहात असलेला भाबडा जॉर्ज, ह्यू लॉरी, हळूच म्हणतो की मला भीती वाटतेय. आख्ख्या मालिकेत तो पहिल्यांदा खरं बोलतो. मग सगळे खंदकाबाहेर धावतात, चित्र मंदावतं आणि त्या मैदानाच्या जागी खसखशीच्या लाल फुलांचं शेत दिसायला लागतं. मी आजपर्यंत चार वेळा बघितलंय. चारही वेळा जॉर्जच्या त्या वाक्याला घसा दाटतो, फुलांना नाही.

ताई: बाबा, तुम्ही इतकं लांब कधी लिहीत नाही. छान लिहिलंत.

काकू: तुम्ही सगळे एका बाजूला आणि मी एकटी. तरी सांगते. ज्याने हे बघायचं आधीच ठरवलंय त्याला ते थोर वाटणार. ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्याने काय करायचं? तो हसायला म्हणून बसला असेल तर?

बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.

आत्या: वहिनी, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझं बरोबर आहे.

रविवार, सकाळी

आई: रात्री काकूंच्या प्रश्नाने झोप लागली नाही. काकू, मी 'ॲडोलसन्स' बघितली, ती तर दुःखाचीच मालिका आहे हे माहीत असूनच बसले होते. १३ वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मुलीच्या खुनाबद्दल पकडतात. फक्त ४ भाग, आणि प्रत्येक भाग एका सलग चित्रीकरणात, मध्ये कुठे कट नाही. पूर्ण तयारीनिशी बसले आणि तरीही त्या तयारीचा काडीचा उपयोग झाला नाही. तेव्हा आधी सांगून रडवणारे आणि न सांगता रडवणारे यांत मला फार फरक वाटेनासा झालाय.

मी: आई, तुला त्यातलं काय लागलं?

आई: तिसरा भाग सगळे नावाजतात. एक खोली, तो मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई. मुलाचं काम करणारा ओवेन कूपर त्या वेळी १४ वर्षांचा होता आणि त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं चित्रीकरण. मध्येच तो जांभई देतो. ती खरीच आली होती म्हणे, आणि समोरच्या एरिन डोहर्टीने तिथल्या तिथे विचारलं की मी तुला कंटाळवाणी वाटतेय का. तो क्षणभर खुदकन हसतो, आणि तेवढ्यापुरता पुन्हा नुसता मुलगा होतो. त्या हसण्यानंतर तो तिच्यावर ओरडतो तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे १५ व्या वर्षी त्याला एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालं. अभिनयाचं एमी मिळवणारा तो सगळ्यांत लहान पुरुष.

आई: पण मला लागला तो चौथा भाग. वडिलांचा ५० वा वाढदिवस. मुलगा कोठडीत आहे, कुणीतरी त्यांच्या गाडीवर रंगाने घाणेरडा शब्द लिहिलाय आणि हे तिघं, आई, वडील, मुलगी, ठरवतात की आजचा दिवस नीट घालवायचा. गाडीत गाणं लावतात. आईवडील शाळेतल्या नाचाची आठवण काढतात, मुलगी खो खो हसते. मीही हसले हो त्यांच्याबरोबर! दोन मिनिटं ते घर जसं आधी असेल तसं दिसलं. त्यानंतर वडील झालेला स्टीव्हन ग्रॅहम मुलाच्या रिकाम्या पलंगावर बसून रडतो आणि त्याच्या टेडीला पांघरूण घालतो, तेव्हा मला उठून जाताही आलं नाही. गाडीतलं ते हसणं नसतं तर मी कदाचित एवढी रडले नसते.

आत्या: पांघरुणाचा तो प्रसंग. बास.

मी: मला रात्रीपासून हेच म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते, आईने सांगितलं. ज्यांच्याबरोबर आपण हसलोय त्यांचंच दुःख आपल्याला स्वतःचं वाटतं. नुसतं दुःखी माणूस दाखवला तर आपण हळहळतो आणि विसरतो. प्रल्हाद पहिल्या दिवसापासून रडका असता तर काकू उठून गेली नसती, शांतपणे बसून बघितलं असतं तिने. फैसल मलिकने तो माणूस इतका खेळकर उभा केला की त्याचं गप्प होणं सहन होत नाही. काकू, तू उठून गेलीस यात मला त्या लेखकाचं यश दिसतं. आणि तुझा प्रश्नही तितकाच खरा आहे. भागाच्या आधी एक ओळ दाखवली, की यात मृत्यू आहे, तर कुणाचं काय बिघडणार आहे?

धाकटा: ओळ दाखवली तर धक्का जाईल.

ताई: धक्का जाऊ दे. बाबा 'ब्लॅकॲडर' चार वेळा बघतात, त्यांना शेवट पाठ आहे. तरी घसा दाटतो ना?

धाकटा: हम्म. हे खरं.

काका: ब्लेकचं विमान पडणार हे मलाही दर वेळी माहीत असतं.

सोमवार, रात्री

काकू: काल कुणाला न सांगता आठवा भाग पुन्हा लावला, एकटीने. शेवटपर्यंत बघितला. मंजूदेवी रस्त्यात उभी राहते ते बघितलं. नणंदबाई म्हणाल्या ते खरं आहे, आवाज न चढवता. मग सगळे प्रल्हादच्या घरी त्याच्याजवळ जाऊन बसतात. कुणाला काय बोलावं कळत नाही, नुसतेच बसतात. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही सगळे असेच माझ्याजवळ बसला होतात. कुणी काही बोलत नव्हतं. मला तेच आठवलं, आणि पहिल्या वेळी मी नेमकं त्याच्या आधीच उठले होते.

आत्या: वहिनी.

आई: फोन करते काकू, दहा मिनिटांत.

काकू: करा, जागी आहे. राग पूर्ण गेलेला नाही हं माझा, ती ओळ आधी दाखवायला हवीच. पण तिसरा सीझन मी बघणार. त्याआधी कुणीतरी एकच सांगा, दुसरं काही नको. प्रल्हाद पुन्हा हसतो का?

ताई: हसतो काकू. लगेच नाही. आधी बरेच दिवस तो त्या रिकाम्या घरात जायचं टाळतो, बाहेरच पडून असतो. मग पंचायत कार्यालयातल्या विकासकडे बाळ येणार असं कळतं.

काकू: पुरे. पुढचं सांगू नकोस.