वेंधळा खलनायक: तुम्हाला कुणी हसवलं?

गेममधल्या धांदरट खलनायकांच्या आठवणी एकत्र करूया. नुसतं नाव नको. हसू नेमकं कुठे फुटलं, आणि तेव्हा तुमच्या हातात काय चाललं होतं, तेही सांगा. पडद्यावरच्या विनोदी खलनायकाची फजिती आपण लांबून बघतो. गेममध्ये मात्र तो आपल्याच अंगावर धावून येतो, बोटं बटणांवर आवळलेली असतात, आणि नेमका तेव्हाच तो तोंडावर आपटतो. त्या हसण्यात सुटकेचा श्वासही मिसळलेला असतो, म्हणून मला ते इतकं आवडतं.

माझा लाडका 'पोर्टल २' (२०११) मधला व्हीटली. एका डोळ्याचा यंत्रगोळा. ग्लॅडॉस या अतिहुशार यंत्राला ताब्यात ठेवायला शास्त्रज्ञांनी तो बनवला. तिच्या डोक्यात सतत वाईट कल्पना सोडायच्या, एवढंच त्याचं काम. पुढे अख्खी प्रयोगशाळा त्याच्या हाती जाते आणि ग्लॅडॉस एका बटाट्याला जोडलेल्या अवस्थेत आपल्या सोबत येते. त्याला संपवायला ती त्याच्यावर एक तर्काचं कोडं फेकते: हे विधान खोटं आहे. विचार करता करता यंत्राचा मेंदू जळावा, ही योजना. आसपासची बिचारी यंत्रं खरंच ठिणग्या उडवत बंद पडतात. व्हीटली क्षणभर थांबतो आणि 'खरं' असं उत्तर देऊन मोकळा! कोडं कळायलाही थोडी अक्कल लागते, आणि तिथेच तो वाचतो. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून पोट धरून हसलो.

* * *

माझं मत 'फायनल फँटसी ६' (१९९४) मधल्या अल्ट्रॉसला. हा ऑक्टोपस आधी नदीत मार खातो आणि डूख धरतो. ऑपेराचा प्रयोग रंगात आलेला असताना गाणाऱ्या नायिकेच्या डोक्यावर चार टनांचं वजन टाकायला तो रंगमंचाच्या वर चढून बसतो. पण ते वजन त्यालाच ढकलवत नाही! पाच मिनिटं लागणार, असं तो स्वतःच जाहीर करतो, आणि खरोखर पाच मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. घड्याळ लावणारे गेम मी पुष्कळ खेळले, पण खलनायकाला वजन पेलत नाही म्हणून वेळ मिळाला, असं दुसरीकडे नाही पाहिलं. तुळयांवर उंदीर वाट अडवत होते, सेकंद संपत होते, घाम फुटला होता, आणि तरी हसू आवरत नव्हतं. पुढे जग उद्ध्वस्त झाल्यावर तो एका आखाड्यात कर्ज फेडायला स्वागतकाची नोकरी करताना भेटतो. तिथे मला त्याची मायाच वाटली.

* * *

'सॉनिक' (१९९१) चा डॉक्टर एगमन. पहिल्याच लढाईत साखळीला बांधलेला प्रचंड गोळा फिरवत येतो, आठ फटके खातो आणि पळतो. सगळे रत्नमणी गोळा करून गेम संपवला तर शेवटी 'समाप्त' या अक्षरांवर रागाने उड्या मारताना दिसतो. भाऊ आणि मी फक्त ते बघायला सगळे मणी जमवले होते.

* * *

'अंडरटेल' (२०१५) मधल्या पॅपिरसला खलनायक म्हणावं का, यावर आमच्या घरी वाद झाला होता. पण माणूस पकडून नाव कमवायचं हे त्याचं ध्येय आहे, म्हणून मी म्हणते. मुलगी खेळत होती, मी शेजारी. तो विजेचा अदृश्य चक्रव्यूह मांडतो. भिंतीला लागलं की झटका बसणार, पण झटका देणारा गोळा धरायचा असतो माणसाने आणि तो राहतो पॅपिरसच्याच हातात! आपण चुकतो, भाजतो तो. मग गोळा आपल्याला द्यायला तो स्वतः चक्रव्यूहातून चालत येतो आणि बर्फात पावलांचे ठसे उमटतात. झालं, वाट समोर. मुलगी इतकी हसली की तिला पुढचं पाऊलच टाकता येईना.

नंतर ती लढाईत त्याच्याकडून हरली. तर त्याने तिला जिथे कोंडलं, त्या गजांमधून सरळ चालत बाहेर येता येतं. ठार मारत नाही तो कधीच. एवढ्या कष्टाने सापळे रचणारा आणि कुणाला खरं दुखवू न शकणारा असा शत्रू लिहिणाऱ्याला माझा मनापासून सलाम.

* * *

वरचं सगळं वाचून मला 'फायनल फँटसी ५' (१९९२) चा गिल्गामेश आठवला. फुशारकी मारत येतो, हरतो, काहीतरी निमित्त काढून सटकतो. एकदा तर महान तलवार सापडली म्हणून नाचतो आणि तिने वार करतो. नुकसान किती? एक. नकली तलवार! आम्ही मित्र 'एक!' असं ओरडून लोळलो होतो. त्याचा मालक मात्र त्याला निकामी ठरवून मितींच्या पोकळीत फेकून देतो.

खूप पुढे, शेवटच्या टप्प्यात, एका राक्षसापुढे आमचा निभाव लागत नव्हता. तेवढ्यात हाच विदूषक आला, प्रत्येकाशी दोन शब्द बोलला आणि आम्हाला वाचवायला स्वतःचा स्फोट करून घेतला. खोलीत कुणी बोललं नाही. पुढे जायचं बटण दाबायला मला बराच वेळ लागला.