बाबांच्या गाडीचे हेडलाइट मंद: 100 वॅटचे बल्ब टाकावेत का?

टोरांटोहून

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या ईमेल यादीवर नागपूरची बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. माझे आईबाबा मानेवाड्याला असतात. बाबांनी सत्तरी ओलांडली तरी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत जाणं काही सुटत नाही, आणि तिथून निघेस्तोवर अंधार पडतोच. गाडी 2011 ची हॅचबॅक. इंजिन ठणठणीत आहे, पण हेडलाइट फार मंद झालेत. आई म्हणते, समोरून ट्रक आला की रस्त्याची कडासुद्धा दिसत नाही. बाबांना विचारलं तर, "दिसते ना मला, तू कायले टेन्शन घेते?"

गॅरेजवाल्याने दोन्ही बल्ब बदलले. काहीही फरक नाही. आता तो 100 वॅटचे टाकू म्हणतोय. टाकू द्यावेत का? डिसेंबरमध्ये येतेय, तेव्हा इथून काही आणता येईल का?

कॅलिफोर्नियाहून

ताई, सरळ एलईडी बल्ब घेऊन जा. त्याच होल्डरमध्ये बसतात, पाच मिनिटांचं काम. पांढराशुभ्र उजेड पडतो. मी माझ्या जुन्या गाडीला लावलेत.

नागपूरहून, त्रिमूर्तीनगर

ताई, नमस्कार. मी मंडळाचा जुना सभासद, निवृत्तीनंतर नागपूरला परतलो. नोकरीत सगळा काळ गाड्यांच्या वायरिंगमध्येच गेला. तो काटोल रोड माझ्या रोजच्या माहितीतला आहे. संध्याकाळनंतर रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आडवी येतात, आणि संत्र्याच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. त्यामुळे तुमची काळजी रास्त आहे. बाबांनी कितीही समजूत घातली तरी हे काम मागे ठेवू नका.

100 वॅटचे बल्ब टाकू देऊ नका. त्या गाडीला एच4 जातीचा 60/55 वॅटचा हॅलोजन बल्ब असणार, आणि तो धड पेटला तर पुरेसा असतो. 13.2 व्होल्ट मिळाले तर डिपरवर (खालच्या झोतावर) साधारण 1000 लुमेन आणि अप्परवर (लांबच्या झोतावर) 1650 लुमेन प्रकाश देतो. मोठा बल्ब टाकला की त्याच जुन्या बारीक वायरीतून जास्त करंट ओढला जातो, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो. नवीन बल्बांनी फरक पडला नाही, यावरूनच दिसतं की दोष बल्बमध्ये नाही.

कॅलिफोर्नियाच्या मित्रांचा सल्ला आपुलकीचा आहे, पण इथे तो लागू करू नये. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा आकार बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेप्रमाणे बेतलेला असतो. एलईडीची चिप त्याच जागी, त्याच आकाराची क्वचितच असते. मग गाडीच्या नाकासमोरचा रस्ता पांढराफेक दिसतो आणि चालवणाऱ्याला वाटतं उजेड वाढला. लांबचा भाग, जिथे रोही उभा असतो, तो अंधारातच राहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 आडवं येतं.

आता खरं कारण. बॅटरीपासून बल्बपर्यंत वीज पोचताना वाटेत किती गळते, ते आधी मोजायला हवं. गच्चीवरची टाकी भरलेली असूनही गंजलेल्या पाइपामुळे खालच्या नळाला करंगळीएवढी धार येते, तसलाच हा प्रकार. आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज 10 टक्के घटलं तर प्रकाश 10 टक्क्यांनी घटत नाही, जवळजवळ 30 टक्क्यांनी घटतो. म्हणून एक-दीड व्होल्टची गळतीसुद्धा रस्त्यावर जाणवते.

शेजारी कुणा मुलाकडे मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू आणि डिपर चालू ठेवून हे मोजायला सांगा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर. 13.8 ते 14.4 च्या आसपास यायला हवं. त्याहून बरंच कमी असेल, किंवा रेस दिल्यावर दिवे ठळक होत असतील, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा बॅटरी तपासावी लागेल. मग डाव्या आणि उजव्या बल्बच्या कपलरवर, म्हणजे बल्बच्या मागे बसणाऱ्या वायरीच्या प्लगवर. शेवटी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थिंगच्या (वीज बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या) पिनला. इथे शून्याच्या जवळ काही आलं तर ठीक.

एक गोष्ट त्याला बजावून सांगा: बल्ब कपलरमध्ये बसलेला आणि पेटलेला असतानाच, कपलरच्या मागच्या बाजूने मीटरची सुई घालायची. पुष्कळ मेकॅनिक कपलर काढून मोजतात. बल्ब काढला की वायरीतून करंटच वाहत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडावरही पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि "वायरिंग ओके" म्हणून माणूस बल्ब बदलत बसतो. काही गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो, तिथे हे आकडे वेगळे वाचावे लागतात. तसं काही वाटलं तर मला लिहा.

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात का, तेही बघा. त्या काचा नसतातच, पॉलिकार्बोनेटच्या असतात. वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की पिवळटपणा आणि धुरकटपणा येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यातून गाडी उघड्यावर असेल तर विचारूच नका.

आणि मनाला लावून घेऊ नका, पण बाबांचे डोळे तपासून घ्या. तीच गाडी अंधारात दुसऱ्या कुणाला चालवायला द्या. त्यालाही मंद वाटलं तर दिव्याचा दोष नक्की. पण मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरचा उजेड पसरून दिसतो आणि आई म्हणतात नेमका तसा त्रास होतो. दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात.

टोरांटोहून

काका, मनापासून आभार. शेजारचा दादा पॉलिटेक्निकला आहे, त्याने तुम्ही सांगितलं तसंच, बल्ब पेटलेला ठेवून मोजलं. बॅटरीवर 13.9. डाव्या कपलरवर 12.8, उजव्यावर 11.7. अर्थिंगचा आकडा डाव्या बाजूला 0.1 आणि उजव्या बाजूला 1.2. त्याने स्वतः गाडी चालवून पाहिली, त्यालाही उजेड कमी वाटला. काचांचा फोटो जोडलाय, अगदी पिवळ्या झाल्यात. बाबांची डोळ्यांची तारीख आईने घेतली, बाबा कुरकुरत का होईना तयार झाले.

नागपूरहून, त्रिमूर्तीनगर

शाब्बास, दादाने फार नीट मोजलंय. या आकड्यांत सगळं आलं.

उजव्या बाजूला एकूण 2.2 व्होल्ट गळतात. त्यातले 1.2 एकट्या अर्थिंगमध्ये. त्या दिव्यामागे बॉडीला एक काळी वायर बोल्टने आवळलेली असेल. बोल्ट सोडून वायरीची रिंग आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, घट्ट आवळायचा आणि वरून व्हॅसलीन लावायचं. रिंगजवळ वायर हिरवी पडली असेल तर तेवढी कापून नवी रिंग लावा. 11.7 व्होल्टवर तो बल्ब जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश देत होता. या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

उरलेला 1 व्होल्ट दोन्ही बाजूंना प्लसच्या वाटेत जातोय. तिथे सगळा करंट डॅशमधल्या स्विचमधून फिरून येतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले (थोड्या करंटवर चालणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) लावून घ्या, एक डिपरला आणि एक अप्परला. बॅटरीवरून 2.5 चौरस मिमीची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 मधून दिव्याला, आणि जुन्या कपलरची वायर 85-86 ला, म्हणजे स्विचवर फक्त रिले उचलण्यापुरता भार राहतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच हवा, म्हणजे पुढे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही. हे बसवताना स्वतः उभं राहून पाहायला सांगा.

काचांना 1000, 1500, 2000 असा वॉटर पेपर पाणी घालत मारायचा, मग कंपाउंड, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर. हा कोट लावायचा कंटाळा केला तर पुढच्या उन्हाळ्यात काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टने चार दिवस बरं दिसतं, एवढंच. आतून रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर मात्र घासून उपयोग नाही, पूर्ण दिवा बदला.

तिथून आणायचंच असेल तर तिकडे 9003 नावाने मिळतो तो बल्ब आपल्या एच4 च्या जागी बसतो. निळ्या काचेचा घेऊ नका, ती काच उजेड खाते. आणि पूर्ण दिवा तिकडचा अजिबात आणू नका. तिकडे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे डिपरचा झोत उजवीकडे वर चढतो. इथे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाईल.

सगळं झाल्यावर फोकस सेट करायला विसरू नका. सपाट जागी, भिंतीपासून 5 मीटरवर गाडी उभी करा, डॅशवरची लेव्हलची चकती 0 वर ठेवा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 5 सेंमी खाली यायला हवी, आणि डाव्या बाजूला किंचित वर चढलेली. बाबा स्वतः सीटवर बसलेले असतानाच हे करा. तोवर बागेतून उजेडातच निघायचं, एवढं त्यांना माझ्या नावाने सांगा. हवं तर मीच फोन करतो, नंबर वेगळ्या मेलवर पाठवा.