पास आहे ना, मग ओळखपत्र कशाला?

सव्वासातची लोकल:
काल एकाने लिहिलं, "महिन्याचे पैसे मोजून पास काढलाय, मग टीसीला वर ओळखपत्र कशाला दाखवायचं?" राहवलं नाही म्हणून लिहितोय. लोकलचा मासिक पास साधारण १५ एकेरी तिकिटांच्या पैशात मिळतो. आपण महिन्याला पन्नासेक फेऱ्या मारतो. जून २०१४ मध्ये हाच हिशेब ३० तिकिटांवर न्यायचं ठरलं, तेव्हा मुंबईत केवढी ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. ही सवलत माणसाला आहे, कागदाला नाही. सकाळी बाप आणि दुपारी मुलगा एकाच पासावर फिरायला लागले तर ती टिकेल का?

विक्रोळीकर:
हिशेब ठेवा तुमच्याकडे. माझी वहिनी दोन घरी पोळ्या करते. पास जवळ, पासावर नाव, वय सगळं. आधार कार्ड मात्र रेशनच्या कामाला भाऊ घेऊन गेला होता. २५० रुपये दंड, वर भाडं. त्या दिवशी डबा न उघडताच घरी आणला तिने.

सव्वासातची लोकल:
वाईट झालं. पण आधारच हवं असं नाही. पुढच्या पासाला मतदार कार्डाचा नंबर घाला, ते रेशनला कोणी मागत नाही.

माणदेशी:
तुमचं निदान २५० वर भागतं. एसटीत २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी झालेल्यांना प्रवास मोफत. आमच्या आजीच्या आधारवर जन्मसाल १९५५. माझ्या वडिलांचं १९६६. अकराव्या वर्षी बाळंत झाली का ती? कार्ड काढणाऱ्या पोराने अंदाजाने आकडा टाकला. अर्धं तिकीट तर १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे. म्हणजे म्हातारपणाचं तिला काहीच नाही.

बिल्ला नंबर:
मी वाहक आहे, १९ वर्षं झाली. तोंड बघून शून्याचं तिकीट दिलं आणि पुढच्या फाट्यावर तपासणी पथक चढलं, तर चौकशी माझी लागते. माझीही जन्मतारीख १ जूनच आहे, मास्तरांनी लावलेली. पण कार्डावर असेल तेच मी धरणार.

माणदेशी:
म्हणजे कार्ड खरं आणि बाई खोटी! बहात्तरच्या दुष्काळात तीन लेकरं घरी ठेवून खडी फोडलीय तिने.

बिल्ला नंबर:
आवाज चढवू नका. खोटी कोण म्हणालं? आधार दुरुस्त करून घ्या.

माणदेशी:
दाखला आणू कुठून? शाळेची पायरी चढली नाही ती.

सव्वासातची लोकल:
पासाला ओळखपत्र हवंच, त्यावरून मी हटणार नाही. पण ही बाई तीच आहे का, आणि तिचं वय किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी ते एकच धरून चाललो होतो. एवढं मान्य.

विक्रोळीकर:
मग वहिनीच्या पासावर नाव होतं, वय होतं, ते का नाही पुरलं?

सव्वासातची लोकल:
फोटो नव्हता म्हणून. वाद तिथेच आहे आपला.

बिल्ला नंबर:
माणदेशी, आजींचं मतदार कार्ड असेल ना? एसटीत तेही चालतं. त्यावर वय काय आहे बघा.

माणदेशी:
आत्ता ट्रंकेतून काढलं. "१-१-१९९५ रोजी वय ४८". लॅमिनेशन सुटलंय, फोटो पार काळवंडलाय.

बिल्ला नंबर:
नाकडोळे दिसतात का?

माणदेशी:
कुंकू दिसतं. नाकातली फुलीपण.

बिल्ला नंबर:
मग तेच देऊन बसवा तिला. माझ्या गाडीत आली तर मी घेईन.