फायटर माशाचं पोट फुगलंय, खवले अजून उभे नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय.

लेकीच्या निळ्या फायटरचं पोट चार दिवसांपासून फुगलंय. वरून बघितलं तर कल्ल्यांच्या मागं दोन्हीकडून सारखाच फुगवटा दिसतो. पोटाजवळची कातडी ताणून तिथला निळा रंग फिका पडलाय. खवले मात्र अंगाला चिकटलेलेच आहेत, मोबाइलचा टॉर्च लावून तीनदा खात्री केली. काल संध्याकाळपासून तो बुडाशी पानावर टेकून बसतोय. श्वास घ्यायला वर जायचं म्हटलं की शेपटी जोरजोरात मारावी लागते, आणि वर पोचला की लगेच खाली घसरतो. लेकरू शाळेत जायला तयार नाही, टाकीसमोर बसून आहे. मलाही बघवत नाही.

टाकी वीस लिटरची आहे, स्पंज फिल्टर आहे, हीटर नाही. मासा दीड वर्षापासून आमच्याकडं आहे, आजवर कधी आजारी पडला नाही. पाणी बोअरचं वापरतो, नळाचं रोज येत नाही. आज सकाळी टाकीत थर्मामीटर बुडवला तर १९ अंश निघालं. आमच्याकडं या दिवसांत पहाटे फार गारठा असतो.

खाण्याचं नीट सांगतो, कारण मला तिथंच शंका येतेय. काल सगळ्यांना विचारलं तेव्हा कळलं की सकाळी लेक दाणे टाकते, दुपारी आई टाकते आणि रात्री मी. प्रत्येकाला वाटायचं, आपणच टाकतोय. दर वेळी पाच-सहा कोरडे दाणे. तीन दिवसांत त्यानं विष्ठा केलेली दिसली नाही.

कालपासून खाणं बंद केलंय आणि तीस टक्के पाणी बदललंय. दुकानदारानं निळं औषध आणि मूठभर मीठ टाकायला सांगितलं, पण हात धजला नाही. हा नुसता बद्धकोष्ठ आहे की जलोदर, हे घरी कसं ओळखायचं? मीठ टाकू का? आज रात्रीपुरतं पाणी गरम कसं ठेवू? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद (लातूर)

दादा, मीठ टाकलं नाही हे फार चांगलं केलंत. जलोदरात पाणी अंगातच साचत असतं. साध्या मिठानं तो त्रास वाढू शकतो.

आधी ओळख. जलोदर हा स्वतः वेगळा रोग नाही. मूत्रपिंडं थकली की पाणी बाहेर टाकलं जात नाही आणि मासा फुगतो. मागं बहुतेक वेळा जिवाणूंचा संसर्ग असतो, आणि त्याला वाट करून देतं खराब किंवा गार पाणी. खवले उभे राहिले की वरून मासा सीताफळासारखा दिसतो, प्रत्येक डोळा सुटा. ते एकदा बघितलं की विसरत नाही. तुमच्या माशात ते नाही, विष्ठा बंद आहे आणि खाणं तिप्पट झालेलं आहे. म्हणून मला हे पोट साफ न झाल्याचं वाटतं. एकाच बाजूला गोळा असता तर गाठीची शंका घेतली असती. तरी रोज सकाळ-संध्याकाळ वरून बघत राहा. जलोदरात खवले नंतरही उभे राहू शकतात.

खरं दुखणं मला त्या १९ अंशांत दिसतं. फायटर मूळचा थायलंडकडचा, उबदार संथ पाण्यातला. त्याला २६-२७ अंश लागतात. गार पाण्यात आतडं मंदावतं आणि खाल्लेलं तसंच पडून राहतं. दरवर्षी येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) आसपास माझ्या टाक्यांत एक तरी मासा असा फुगायचा. हीटर घेतल्यापासून ते थांबलं. वीस लिटरला २५ वॉटचा पुरतो. आज रात्री टाकीला गोधडी गुंडाळा आणि प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून ती तरंगत ठेवा. तासाला एखाद्या अंशापेक्षा जास्त चढवू नका. वरची फट बंद करू नका, हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतो.

पोट साफ व्हायला आता एप्सम सॉल्ट. हे साधं मीठ नव्हे, मॅग्नेशियम सल्फेट. आपल्याकडं कपाशीवर लाल्या आला की फवारतात तेच, पण कृषी सेवा केंद्रातल्या पोत्यातलं नको, मेडिकलवरून आणा. वेगळ्या टबात चार लिटर पाणी घ्या, टाकीच्याच तापमानाचं, आणि मासा त्यात हलवा. एक सपाट चहाचा चमचा आधी वाटीत विरघळवा आणि थोडं थोडं करून तासाभरात ओता. टबात फिल्टर नसणार, म्हणून रोज अर्धं पाणी बदला आणि जेवढं बदललं तेवढ्याच पाण्याच्या हिशोबानं एप्सम पुन्हा घाला. पाणी खोल नको, वर यायला त्याला कष्ट पडतात.

खाणं अजून दोन दिवस बंद. वाटाण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो गोल्डफिशसाठी ठीक आहे. फायटर किडे खाणारा मासा आहे. नंतर डाफ्निया (पाण्यातले बारीक पिसवांसारखे जीव) मिळाला तर उत्तम, पोट साफ करायला त्याची मदत होते.

आणि पाण्याची चाचणी करा. अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून होणारी विषं) दोन्ही शून्य हवेत.

प्रतिसाद

वरच्यात एकच भर. खवले उभे राहिले तर घरी अंदाजानं अँटिबायोटिक टाकू नका. तुमच्या परभणीतच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय. फोन करून विचारा. फोटो वरून आणि बाजूनं असे दोन्ही काढून ठेवा.

धागाकर्ता, तिसऱ्या दिवशी

खूप आभार. चाचणीत अमोनिया ०.२५ आला, म्हणजे पाणीही निर्दोष नव्हतं. जास्तीचे दाणे वाळूत कुजत होते. पाइप लावून तळ उपसला तेव्हा तपकिरी गाळ निघाला. हीटर आणला, आता टाकी आणि टब दोन्ही २६ वर आहेत. लेकीनं दाण्यांची डबी कपाटात ठेवलीय, किल्ली तिच्याकडं.

काल रात्री दहाच्या सुमारास टबाच्या तळाशी गडद तपकिरी तुकडा दिसला, आणि आज सकाळी आणखी दोन. पोट निम्म्यानं उतरलंय, खवले चिकटलेलेच आहेत. आज तो पानावर बसला नाही, बोट टबाजवळ नेलं की कल्ले फुलवून समोर आला. आईच्या डोळ्यात पाणीच आलं.

आता टाकीत परत कसा सोडू? एप्सममधून एकदम साध्या पाण्यात चालेल का?

प्रतिसाद (लातूर)

एकदम नको. आणखी दोन दिवस थांबा. मग रोज अर्धं पाणी साधं घाला, एप्सम न घालता, तीन दिवस. टाकीचा अमोनिया शून्यावर आल्याशिवाय सोडू नका. पहिल्या जेवणाला दोनच दाणे द्या, टाकीच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवून.